घरटी एक

गाव सोडलं त्या दिवशी मी कुणाच्याही पाया पडलो नाही. आमच्याकडं शिकायला बाहेरगावी निघालेल्या पोरानं गल्लीत घरोघर जायचं असतं. म्हाताऱ्यांच्या पाया पडायचं, उंबऱ्यावर उभं राहून दोन वाक्यं बोलायची, मग कुणी हातावर साखर ठेवतं, कुणी लिमलेटची गोळी. मला ती दोन वाक्यं जमत नसत. म्हणून बारावीनंतर पुण्याला निघालो तेव्हा मी मागच्या अंगानं, मेंढरांच्या वाड्यावरून, बांधाबांधानं बाहेर पडलो. माझी ट्रंक दत्ताच्या सायकलला बांधलेली होती आणि तो ती ढकलत माझ्या पुढं चालला होता.

दत्ता म्हणजे शेजारचा. आमच्या आणि त्यांच्या घरात भिंत एकच. मी मितभाषी, असं आता चांगल्या शब्दात म्हणतो. गावात मला मुक्या म्हणायचे. दत्ता दोघांच्या वाटचं बोलायचा, त्यामुळं माझं कधी अडलं नाही. आखाडा बाळापूरच्या स्टँडवर त्यानं ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि कंडक्टरला सांगितलं, "पोरगं बोलत न्हाई. नांदेड आलं की तुमीच उतरून द्या." अठरा वर्षांचा होतो मी. गाडी सुटली तेव्हा रडू येईल असं वाटलं होतं. काही आलं नाही. डोंगरकडा गाव येईपर्यंत मी पुढच्या सीटचं फाटलेलं रेक्झिन बघत बसलो.

पुढं मायनं सांगितलं, की स्टँडवरून परत गेल्यावर दत्ता साऱ्या गल्लीत फिरला. "मुक्याचा घसा बसला, त्यानं पाया पडलो म्हणून सांगितलं," असं म्हणून माझ्या वतीनं सगळ्यांच्या पाया पडला. साखर मात्र त्यानंच खाल्ली.

आमच्या घरात न बोलणं हा काही दोष नव्हता. बा दिवसभर मेंढरांमागं असायचा. "मेंढरांशी बोलावं लागत न्हाई, त्यांच्या बराबर चालावं लागतं," एवढं एक वाक्य तो आठवड्यातून दोनदा म्हणायचा आणि ते त्याला पुरायचं. दोष आहे हे मला पुण्यात कळलं.

मी इंजिनिअरिंगला असताना दत्तानं बाळापूरच्या स्टँडजवळ एसटीडी बूथ टाकला. बाजारच्या दिवशी माय तिथं येऊन बसायची आणि ठरलेल्या वेळी मी होस्टेलखालच्या बूथवरून फोन लावायचो. माय विचारायची, "बरा हाईस का?" मी "हां" म्हणायचो. ती "बरं" म्हणायची. मग दोघं गप्प. तेव्हा दत्ता रिसीव्हर घ्यायचा आणि तिकडं मोठ्यानं सांगायचा, "माय, जेवला म्हणून राहिला. थंडी लई हाय म्हणतो. पेपर बराबर गेले म्हणतो." मी यातलं काहीच बोललेलो नसायचो, पण बहुतेक सगळं खरं असायचं. माय समाधानानं भाजीची पिशवी उचलून निघायची. ही चार वर्षं अशीच गेली. आपलं बोलणं दुसरं कुणी करतंय याची मला कधी लाज वाटली नाही, आणि उपकारही वाटले नाहीत. भिंत एकच असली की असलं काही वाटत नाही.

नोकरी लागली ती सॉफ्टवेअर तपासण्याची. दुसऱ्यांच्या चुका शोधून लिहून द्यायच्या. माझ्यासाठी याहून बरं काम नव्हतं. पण दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी आमच्या टीमच्या मॅडम म्हणाल्या, "तुमचं काम उत्तम आहे, पण तुम्ही कुणात मिसळत नाही. निदान त्या साइटवर तरी या. सगळे आहेत तिथं." तेव्हा माणसं जोडण्याची ती साइट नवीन होती आणि ऑफिसात जेवणापेक्षा तिचीच चर्चा जास्त चालायची. बढतीच्या कागदावर 'संवाद' असा एक रकाना होता. मी साइटवर गेलो तो त्या रकान्यासाठी.

सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मुक्याला लिहिता येतं. समोर तोंड नाही, उंबरा नाही. मी एक फाइल करून ठेवली. वाढदिवसाची तीन वाक्यं, लग्नाची तीन, बाळ झाल्याची दोन, दिवाळीचं एक, कुणाचं कुणी गेल्याचं एक. शुक्रवारी जेवणानंतर तासभर बसून मी ती वाक्यं ज्याच्या त्याच्या साइटवरच्या भिंतीवर चिकटवायचो. मॅडमना आधी, मग टीमला, मग क्लायंटकडच्या लोकांना. याला मी मनातल्या मनात 'माणसं करणं' म्हणायचो, जसं कुणी भांडी करतं. संध्याकाळपर्यंत दमून जायचो. त्या वर्षी 'संवाद' रकान्यात चांगला शेरा आला.

मग दत्ता तिथं आला. बूथमध्ये त्यानं दोन कॉम्प्युटर टाकले होते, बाहेर 'नेट कॅफे' अशी पाटी लावली होती. तो माझ्या भिंतीवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. रोज एकच. 'काय रे मुक्या, जेवलास का?' ते सगळ्यांना दिसायचं. पंधरा दिवसांत ऑफिसात मी मुक्या झालो. कॉफीच्या मशिनपाशी कुणीतरी हसत म्हणायचं, "मुक्या, जेवलास का?" वाईट कुणी नव्हतं त्यात. पण मला मान खाली घालून उभं राहावं लागायचं. मी दत्ताचं लिहिलेलं पुसायला लागलो. सकाळी आल्या आल्या आधी ते पुसायचं, मग मेल उघडायची. उत्तर एकदाही दिलं नाही.

त्या साइटवर माणसांच्या पायऱ्या होत्या. प्रत्येक नावापुढं ठरवायचं, की हा न भेटलेला, ओळखीचा, मित्र, चांगला मित्र का जिवलग. मी मॅडमना आणि टीमला 'मित्र' केलं, कारण कुणी माझ्या स्क्रीनवर बघितलं तर काय, ही भीती. आणि मला असं सापडलं, की 'ओळखीचा' केलेल्या माणसाला आपल्या भिंतीवर लिहिता येणार नाही, अशी सोय करता येते. मी गावाकडच्या सगळ्यांना 'ओळखीचा' केलं. एकाच दुपारी, वरून खाली, एकेक टिचकी. त्यात दत्ताही गेला. हात थांबला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही थांबला.

त्या दिवाळीत घरी गेलो. मॅडमना शुभेच्छा पाठवायच्या राहिल्या होत्या, म्हणून बाळापूरला दत्ताच्या कॅफेत बसलो. त्यानं चहा मागवला आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "तुझ्या इथं मी कुठं हाय रे? दाव की."

मी दाखवलं नाही. त्यानंच माऊस घेतला. त्याचा धंदाच तो, त्याला सगळं माहीत. 'जिवलग' रिकामं होतं. 'चांगला मित्र' रिकामं. 'मित्र' मध्ये सगळं ऑफिस. खाली 'ओळखीचे' मध्ये शाळेतली पोरं, मामाचा मुलगा, आणि दत्ता.

"आमी ओळखीचे व्हय?" तो म्हणाला.

"ते सेटिंग हाय रे," मी म्हणालो. खरंच सेटिंग होतं. पण ते कशासाठी केलं हे सांगायला गेलो असतो तर आणखी वाईट झालं असतं.

"बराबर हाय," तो हसला. "ओळख तर हायच." आणि निकाल बघायला आलेल्या एका गिऱ्हाइकाकडं वळला. मी मॅडमना फाइलमधलं दिवाळीचं वाक्य पाठवलं, चहा संपवला आणि निघालो. झालं एवढंच.

उन्हाळ्यात त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. मी रजा काढून आलो होतो. आमच्याकडं जेवणाचं आवतन दारात येऊन तोंडी द्यावं लागतं, नुसत्या पत्रिकेवर कुणी जात नाही. आणि त्यातही प्रकार असतात. लांबच्या घराला 'घरटी एक', म्हणजे घरातल्या एकानं यायचं. जवळच्यांना 'चूलबंद'. म्हणजे म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत सगळे, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. माणसांना पायऱ्या साइटनं लावल्या असं मी समजत होतो. गावात त्या आधीपासून होत्या, फक्त तिथं त्या दारात उभं राहून, तोंडावर सांगायच्या असतात.

आमच्या आणि दत्ताच्या घरात कायम चूलबंद. ते विचारायचीही पद्धत नव्हती.

दत्ता स्वतः आला. ओसरीवर मी होतो, माय गहू निवडत होती, बा मेंढरांची लोकर कातरायची कात्री घासत बसला होता. दत्ता उंबऱ्याबाहेरच थांबला. "माय, उद्या दुपारचं आवतन हाय. घरटी एक."

मायचा हात सुपातच थांबला. "चूलबंद न्हाई व्हय रं, दत्ता?"

"घरटी एक, माय," तो म्हणाला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. पुढं गेला. पलीकडच्या घरापाशी त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "काका, उद्या चूलबंद बरं का."

"काहून रं?" मायनं मला विचारलं. "कायी झालं का तुमा दोघांत?"

"कायी न्हाई," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बा मेंढरं घेऊन नेहमीसारखा निघून गेला. माय म्हणाली, "तूच जाय. त्यो तुजाच दोस्त." आणि तिनं चूल पेटवली. लग्नाच्या दिवशी, भिंत एकच असलेल्या घरात. गल्लीत त्या दुपारी तेवढा एकच धूर होता आणि मांडवातल्या प्रत्येकाला तो दिसत होता. मी पंगतीत बसलो. दत्ता वाढायला आला. "बुंदी घ्या," मला म्हणाला आणि पुढच्या पत्रावळीकडं सरकला. मी सगळं खाल्लं. चव कशाची होती ते सांगता येत नाही.

पुण्याला परतल्यावर पहिल्याच सकाळी मी दत्ताला 'जिवलग' केलं. त्या रिकाम्या रकान्यात त्याचं एकट्याचं नाव आलं. पण साइट असलं काही समोरच्याला कळवत नाही. आणि तोवर त्यानं तिथं येणं बंद केलं होतं.

दोन वर्षांनी गावाकडचं घर पाडून नवं बांधलं. भिंत मात्र तीच ठेवली, दत्ताच्या बाजूची. घरभरणीच्या आदल्या दिवशी माय म्हणाली, "आवतन तू देशील. मी न्हाई जात कुणाच्या दारी." तिनं त्या लग्नाविषयी दोन वर्षांत हा एवढाच शब्द काढला.

तुम्ही जे माझ्यासारखे गेलात, तुम्हाला हे कळेल. शंभर जणांना एका टिचकीत निरोप धाडणारा मी, सतरा उंबऱ्यांना घाबरत होतो. आणि तुम्ही जे राहिलात, तुम्हाला हसू येईल, खुशाल हसा. मी घरोघर गेलो. म्हाताऱ्यांच्या पाया पडलो. "उद्या घरभरणी हाय. चूलबंद या." दोनच वाक्यं होती. दहाव्या घरापर्यंत घसा खरंच बसला. दत्ताकडं शेवटी गेलो. तो नव्हता. त्याच्या आईला म्हणालो, "काकी, चूलबंद." तिनं मान डोलावली आणि हातावर साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी माय सारखी भिंतीपलीकडं बघत होती. पण त्यांच्याकडं तोवर गॅस आला होता. धूर दिसण्याची सोय राहिली नव्हती. दुपारी काकी आली, दत्ताची बायको आली, त्यांची दोन लेकरं आली. दत्ता आला नाही. "कॅफेत हाय," बायको म्हणाली, "सरकारी फॉर्म भरायची गर्दी हाय."

पंगती उठल्यावर मायनं डबा भरला. पुऱ्या, वांग्याची भाजी, बुंदी. माझ्या हातात दिला.

बाळापूरला पोचलो तेव्हा कॅफेत गर्दी बिर्दी नव्हती. एक कॉम्प्युटर फडक्यानं झाकलेला होता, दुसऱ्यापुढं दत्ता एकटा बसला होता. मी डबा टेबलावर ठेवला. तो डब्याकडं बघत राहिला, मी त्याच्याकडं. आयुष्यभर दोघांच्या वाटचं बोलणारा माणूस गप्प होता, त्यामुळं बोलणं माझ्यावर आलं.

"दत्ता, तू लिहायचास ना तिथं, ते मी पुसायचो. रोज. ऑफिसातले हसायचे म्हणून. मला लाज वाटायची," मी म्हणालो. "तुझी न्हाई. पण वाटायची."

"ठाव हाय," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी बघायचो तर नसायचं. म्हणून तर रोज लिहायचो."

त्यानं डबा उघडला. झाकणात अर्ध्या पुऱ्या, अर्धी भाजी काढली आणि झाकण माझ्याकडं सरकवलं. मी अजून काही सांगणार होतो. फाइलमध्ये नसलेलं बरंच होतं.

"जेव अगोदर," दत्ता म्हणाला.

आता माझ्या यादीत चारशेच्या वर माणसं आहेत. नव्या साइटवर पायऱ्या नाहीत, सगळे सरसकट मित्र. दत्ता त्यात नाही, त्यानं खातंच उघडलं नाही. शुक्रवारची माणसं मी अजून करतो, आणि त्या चारशेंत मी जेवलो का नाही याचं कुणाला काही पडलेलं नसतं. मला गावाची फार ओढ लागते असं नाही. बसमध्ये बसताना अजूनही आत काही हलत नाही. पण घर कुठं आहे हे कुणी विचारलं, तर त्या भिंतीशिवाय दुसरं काही मला सांगता येत नाही.

त्या दिवशी रिकामा डबा घेऊन परत आलो, तर माय दारातच बसली होती.

"काय म्हणला दत्ता?"

"जेव म्हणला."

मायनं डबा हातातून घेतला, उघडून आत बघितलं. "मंग झालं तर," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.