नाकामुरासानांचा किल्ट

हाताने काहीही शिवायला बसा, कापडाच्या आधी किस्सेच तयार होतात. सुई हळू चालते आणि तोंडं भराभर! जपानात, कोतोमधल्या आमच्या फ्लॅटवर दर शनिवारी भरणाऱ्या शिवणगटात गेल्या हिवाळ्यात इतके किस्से जमले, की कोणी भेटलं की पहिला कुठला सांगू असं होतं.

गट म्हणजे तिघीच. मी, आई आणि इचिकावाहून येणाऱ्या सुलभाकाकू. कामही एकच. आमच्या वरच्या मजल्यावरच्या नाकामुरासानांचा किल्ट, म्हणजे स्कॉटलंडचे पुरुष नेसतात तो चुण्यांचा लोकरी घागरा!

निवृत्त झाल्यापासून नाकामुरासान एका हौशी बँडमध्ये बॅगपाइप वाजवतात. बँडचा उसना किल्ट त्यांना ढगळ व्हायचा, आणि वसंतातल्या जत्रेत ते पहिल्यांदाच एकटे वाजवणार होते. मी नुकतीच स्कॉटलंडहून वस्त्रकलेचा इतिहास शिकून परतले होते. किल्ट कुठे शिवून मिळेल, असं त्यांनी लिफ्टमध्ये भीत भीत विचारलं.

"मी शिवते!" मी म्हटलं. "पूर्ण हाताने! मशीनचा एक टाका घालणार नाही!"

घरी आल्यावर आईने शांतपणे विचारलं, "तुझ्या कोटाचं बटण कोणी लावलं होतं?"

"आई, बटण हे नुसतं काम आहे. ही परंपरा आहे!"

"बरं. मग परंपरेत सुई कशी ओवतात ते बघायला ये."

* * *

किल्टची लांबी मोजताना माणसाने गुडघे टेकून, पाठ ताठ ठेवून उभं राहायचं असतं. मी नाकामुरासानांना म्हटलं, "जरा गुडघे टेका ना."

जपानी माणसाला असं सांगितलं की काय होणार? ते टाचांवर बसले. हात मांड्यांवर, नजर खाली, चेहरा गंभीर.

"असं नाही, वर व्हा!" ते उभे राहिले. "नाही, खाली!" पुन्हा तीच बैठक.

तेवढ्यात बाबा बाहेरून आले. जपानी कंपनीत बरीच वर्षं काढलेला माणूस! वयस्कर शेजारी आपल्या मुलीपुढे मान खाली घालून बसलेला बघून त्यांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. बॅग ठेवली, समोर गुडघे टेकले आणि माफी मागायला कपाळ जमिनीला लावलं. ते बघून नाकामुरासान घाबरले आणि त्यांनीही कपाळ टेकलं.

आता आधी वर कोण येणार? कोणीच येईना!

शेवटी बाबा तसेच ओणवे, मराठीत पुटपुटले, "अगं, चूक कोणाची आहे, तेवढं तरी सांग!"

* * *

किल्टच्या मागच्या बाजूला चुण्या असतात आणि तिथेच खरी परीक्षा. कापड चौकड्यांचं. प्रत्येक चुणी अशी घालायची, की दुमडल्यावरही चौकडी तुटता कामा नये. पहिल्या शनिवारी दिवसभर खपून माझ्या तीन चुण्या झाल्या. त्यातली एक वाकडी.

काकू कोनबिनीतला बाइतो, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानातलं अर्धवेळ काम, संपवून आल्या. त्या दुकानात गल्ल्यावर उभ्या असतात, त्यामुळे हात नेहमी घाईत. त्यांनी माझ्या पुढ्यातलं सात-आठ मीटर कापड ओढलं, बोटांवर झपाझप निऱ्या घेतल्या आणि माझ्या हातात कोंबल्या.

"घे! ह्याला का अख्खा दिवस लागतो?"

"काकू, तुम्ही चौकडी बघितलीच नाहीत! मागून सगळं अखंड कापडासारखं दिसायला हवं, दुमडलंच नाही असं!"

काकूंनी माझ्याकडे दयेने बघितलं. "मग दुमडायचंच कशाला?"

* * *

चुण्या शिवून झाल्या की कमरेपाशी आतलं जास्तीचं कापड कापून टाकतात, म्हणजे कंबर फुगत नाही. मी कात्री उचलली आणि आई ओरडली.

"नवंकोरं कापड कापतेस? शिलाईला थोडी तरी माया ठेव!"

"तिकडे असंच करतात, आई!"

"तिकडचे लोक जाड होत नाहीत का?"

नाकामुरासान नेमके संत्री द्यायला आले होते. मी आशेने त्यांच्याकडे वळले. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला! किमोनोचं कापड म्हणे कधी असं कापत नाहीत, आत दुमडून ठेवतात. पुढे तेच उसवून मुलाच्या मापाचं करता येतं.

आईचं जपानी भाजीच्या दुकानापुरतं, त्यांचं मराठी शून्य. पण कात्री दोघांनी मिळून काढून घेतली! आणि म्हणून हा किल्ट कमरेला जरा फुगतो. माझ्या विद्यापीठात कोणी ओळखीचं असेल तर कृपया बोलू नका.

* * *

जत्रा जवळ आली आणि किल्ट अंगावर घालून बघायचा दिवस उगवला. नाकामुरासान आरशासमोर उभे राहिले. दोन्ही हातांनी पुढचा काठ चाचपत राहिले. मला वाटलं, भारावले!

"कसा वाटतोय?" मी विचारलं.

"फारच सुंदर," ते झुकून म्हणाले. "पण मी अजून जिवंत आहे."

मला कळेना. मग आईच दचकून म्हणाली, "अगं, उजवी बाजू डाव्यावर आलीय!" जपानमध्ये किमोनोची उजवी बाजू वर घेतात ती फक्त मेलेल्या माणसाची. स्कॉटलंडमध्येही पुरुषाचा किल्ट असा नसतो. मी काकूंच्या कमरेला कापड गुंडाळून, आरशात बघून खुणा केल्या होत्या. सगळं उलटं!

हातशिलाई उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. आई बिचकत म्हणाली, "मशीन काढू का?" मी डोळे वटारले. दोघी निमूट सुया घेऊन माझ्या शेजारी बसल्या.

* * *

आणि जत्रेचा दिवस. किल्ट आदल्याच संध्याकाळी इस्त्री करून वर पोचवला होता. आम्ही तिघी कावासाकीच्या मैदानात पहिल्या रांगेत. माझ्या बोटांना पट्ट्या, पण काय बिघडलं? आज सगळ्या जगाला दिसणार होतं, हाताने शिवलेलं म्हणजे काय ते!

नाकामुरासान पाइप काखेत घेऊन आले आणि माझं डोकंच फिरलं. अंगावर बँडचा तोच उसना किल्ट!

मी धावत गाठलं त्यांना. "माझा कुठाय?"

"आहे ना."

"घरी ठेवलात?"

"छे, छे!"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि उसन्या किल्टचा काठ दोन बोटांनी जरासा उचलला. आत माझा किल्ट! एकही चुणी मोडलेली नाही.

"मैदानात धूळ फार आहे," ते अदबीने म्हणाले.

तेवढ्यात माइकवर त्यांचं नाव पुकारलं. दोन-दोन किल्टांचा घेर सांभाळत, घामाघूम, ते डुलत डुलत मंचावर गेले आणि फारच सुरेख वाजवलं. मी मात्र संतापले होते. निदान आपल्या माणसांना तरी पटेल म्हणून आईकडे वळले.

आई समजूतदारपणे मान हलवत होती.

"बघ," ती म्हणाली. "तरी मी म्हणत होते, खालून फॉल लावून घे!"