निकालानंतरचं जेवण

२००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल लागला, त्याच आठवड्यातल्या शनिवारी आमच्या टेक्सासमधल्या शुगर लँडच्या घरी नवऱ्याचा कॉलेजमधला मित्र आणि त्याची बायको जेवायला आले होते. आम्ही चौघंही नुकतेच अमेरिकन नागरिक झालो होतो आणि पहिल्यांदाच मत देऊन आलो होतो.

आमटी वाढून होईपर्यंत वाद पेटला. मित्र म्हणाला, "इराकचं युद्ध अर्धवट टाकून चालत नाही यार. म्हणून मी आत्ताच्या अध्यक्षांनाच मत दिलं."

"तुला बोलायला काय जातंय?" माझा नवरा म्हणाला. "तुझा मुलगा थोडाच जाणार आहे लढायला."

मित्राने मान खाली घातली. त्याची बायको शांतपणे म्हणाली, "भाऊजी, त्याने गेल्या आठवड्यात आर्मीत नाव घातलं. आम्हाला न विचारता. आणि माझं मत तुमच्यासारखंच विरोधी उमेदवाराला पडलंय. ह्यांना ते आत्ता कळतंय."

मित्राने तिच्याकडे पाहिलं आणि उठून मागच्या अंगणात गेला. मी तिचा हात धरून बसले. थोड्या वेळाने नवराही बाहेर गेला. काचेतून दोघं दिसत होते, एकमेकांपासून लांब उभे.

मित्राचा मुलगा ट्रेनिंगला निघाला, तेव्हा विमानतळावर त्याची बॅग माझ्या नवऱ्याने उचलली. दीड वर्ष इराकमध्ये काढून मुलगा सुखरूप परत आला. दोन्ही मित्रांनी मात्र माझ्यासमोर राजकारणाचा विषय पुन्हा कधी काढला नाही.