हातभर सुई

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात आमची पलटण बर्फातल्या पोस्टवर होती. सकाळी फॉल-इन, मग पेट्रोल, म्हणजे गस्त, अंधाराआधी परत. माझा उजवा घोटा ट्रेनिंगमध्ये मोडला होता. तेव्हापासून सांधा झिजत गेला. माझा बडी, म्हणजे जोडीदार, लान्स नायक देवचंद रामटेके. तो चिखल्याचा, मी आंधळगावचा. त्याचा डावा घोटा तसाच झिजलेला. दोघांत मिळून दोन धड पाय होते.

डॉक्टरसाहेबांनी ठरवलं, खालच्या हॉस्पिटलात सांध्यात इंजेक्शन घ्यायचं. दोघांना एकदम सोडता येत नव्हतं. पहिली पाळी माझी.

"हिलना मत," तिथले डॉक्टर, कॅप्टनसाहेब, म्हणाले.

मी हललो नाही. सुई पाहिली आणि ट्रेसकट टेबलाखाली गेलो. शुद्धीवर आलो तेव्हा इंजेक्शन देऊन झालं होतं आणि एक शिपाई मला माझाच बूट हुंगवत होता.

पोस्टवर परतल्यावर हा किस्सा बंकरात रंगवला. सुई हातभर केली. घोट्यातून शिरवून गुडघ्यापर्यंत नेली. अख्खं सेक्शन लोळलं. देवचंदही हसला, पण घोटा चोळत.

"अन् फरक पडला काय बे?"

पडला होता. पाय हलका झाला होता. पण हशा चालू होता.

"पडला ना. आधी एक दुखत होता, आता दोन्ही दुखून राहिले."

त्याची पाळी आली तेव्हा तो डॉक्टरसाहेबांना म्हणाला, "ठीक है साब, दर्द नहीं है." मी शेजारी उभा होतो. हसू दाबत होतो.

पुढे काही दिवसांनी पेट्रोलवर तो माझ्यापुढे चालत होता. उतारावर त्याचा डावा पाय मुडपला आणि तो दिसेनासा झाला. ओरडलासुद्धा नाही. मी वायरलेसवर कळवलं.

"एक जवान नाले में गिरा है. ओव्हर."

"हालत बताओ. ओव्हर."

दोर बांधून मी खाली उतरलो. सांगण्यासारखी हालत उरली नव्हती. त्याला वर आणेपर्यंत माझा घोटा एकदाही दुखला नाही.

पुढच्या रजेत चिखल्याला गेलो. त्याचे वडील मँगनीजच्या खाणीतून पाळी संपवून आले होते. हातपाय धुऊन बाजेवर बसले.

"तू तोच न बाबू, सुईले पाहून पडलेला? त्यानं चिठ्ठीत लिवलं होतं. लय हासलो आमी. सांग ना, तुह्या तोंडानं आयकतो."

मी सांगितलं. हातभर सुई, बूट, सगळं. काकाजी हसले, खोकले, दुपट्ट्यानं डोळे पुसले.

"अन् तुह्या पायाले आराम पडला काय?"

"पडला, काकाजी."

"मंग त्यानं काहून नाही घेतली?"

आत त्याची आई चहाची कपबशी मांडत होती. तिचा हात थांबला. मी बुटाची नाडी सोडली, परत बांधली.

पलटण सोडून गावी आलो. घोटा फारच धरला की भंडाऱ्याला जाऊन इंजेक्शन घेतो. आता बेशुद्ध पडत नाही. डॉक्टर विचारतात, मागच्या वेळी फरक पडला होता का. पडला होता, असं मी लगेच सांगतो. कोणी हसत नाही.

लान्स नायक देवचंद रामटेके. राहणार चिखला. डावा घोटा.