पांढऱ्या छातीची मांजर

संस्थानच्या काळात जव्हारच्या बाजारात माझं मिठाचं दुकान होतं. डोंगरातली एक बाई दर बाजाराला यायची. नाव मी कधी विचारलं नाही. डोक्यावरच्या टोपलीत नाचणी आणि नाचणीवर लांब केसांची मांजर; पाठ काळीभोर, छाती आणि चारी पंजे पांढरेशुभ्र.

"उंदरांपासून नाचणी हिनं राखली, मग बाजार हिला नको दाखवायला?" ती म्हणायची.

एकदा मांजरीनं उडी मारली ती थेट संस्थानच्या कारभाऱ्यांच्या घोड्यापुढून गेली. कारभारी काळ्या कोटात, आत पांढरा सदरा. ते जागीच थांबले.

"काळी मांजर आडवी गेली! पोत्यात घालून दरीत टाक," त्यांनी शिपायाला फर्मावलं.

बाईनं मांजर उचलली आणि केस बोटांनी सारून तिची छाती घोड्यासमोर धरली.

"काळी कुठं हाय? नीट बघ." डोंगरात अहो-जाहो नसतं, राजालाही तूच. "पाठ काळी, छाती पांढरी. तुझा कोट नि सदरा तसाच. तू तर रोज आमच्या वाटेत आडवा येतोस. आम्ही कधी मागं फिरलो काय?"

शिपाई पोतं धरून नुसता उभा राहिला. कारभारी आल्या वाटेनं परत गेले.

पुढच्या बाजाराला रणरणतं ऊन होतं, तरी कारभाऱ्यांच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत बंद होती. मांजर मात्र टोपलीत उताणी पडली होती, सगळी पांढरी छाती उघडी टाकून.