खुणा केलेली पुस्तकं

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. लोणावळा स्टेशनात कारकुनी करता करता मला शेअरबाजाराचं वेड लागलं. भावांचे आलेख काढून पुढची चाल ओळखता येते, असं कुणीतरी डोक्यात भरवलं होतं. पण शिकायचं कुठून? वर्षभरात तीनदा पासावर पुण्याला गेलो आणि जुन्या पुस्तकांच्या एकाच दुकानातून तीन इंग्रजी पुस्तकं आणली. निवडायची रीत शाळेतलीच. जुनं पुस्तक घ्यायचं तर हुशार मुलाच्या पेन्सिलीच्या खुणा असलेलं घ्यायचं, म्हणजे महत्त्वाचं काय ते आयतं कळतं.

कपाळ माझं! पहिलं म्हणे, भाव चढू लागला की घ्या. दुसरं म्हणे, चढू लागला की विका. तिसरं म्हणे, आधी पाच वर्षांचे भाव कागदावर मांडा. इथं कालचं वर्तमानपत्र आज सापडत नव्हतं. ते चिक्कीवाल्याकडे पुड्या बांधायला गेलेलं असायचं.

तिसऱ्याच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीचं बारीक मराठी अक्षर दिसलं: ‘तिन्ही पुस्तकं वाचली. घ्यावं की विकावं, अजून कळत नाही.’ मी तिन्ही शेजारी ठेवून पाहिली. समासातलं अक्षर, खुणा, सगळं एकाच माणसाचं. वर्षभर मी गाढवासारखा त्याच्याच मागून चाललो होतो.

पुढच्या खेपेला तिन्ही पुस्तकं त्याच दुकानात विकायला नेली. त्याआधी रबर घेऊन शेवटच्या पानावरचं ते लिहिलेलं नीट खोडून काढलं. खुणा तशाच ठेवल्या.