कंठ पाहायचा

संमतीचा कागद चार घड्या घालून माझ्या खिशात होता. मुलीला जपानमधल्या एका वृद्धाश्रमात तीन वर्षांसाठी काम मिळालं होतं आणि त्या कागदावर माझी सही हवी होती. नऊ दिवस झाले, मी ती केली नव्हती. कारण एकच. माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आल्यापासून, म्हणजे दोन वर्षं चार महिने, त्यांना दोन्ही वेळा तीच भरवते. बायको शाळेत शिकवते, मी ऑफिसात. ती गेल्यावर कोण भरवणार? राग नव्हता, दुःखही नव्हतं. खरं सांगायचं तर काहीच वाटत नव्हतं.

ती सौंसरला जपानी भाषेच्या क्लासला जाते. जानेवारीतल्या एका रविवारी क्लासनं पालकांना मोची करायला बोलावलं. नव्या वर्षाला तिकडे चिकट तांदूळ वाफवून उखळात कांडतात आणि त्याचे मऊ गोळे करतात, त्यांना मोची म्हणतात. वडिलांना सकाळचं भरवून, शेजारच्या काकूंना त्यांच्याजवळ बसवून आम्ही तिघं पांढुर्ण्याहून बसनं निघालो. मुसळ घरचं घेतलं होतं. जामसांवलीच्या मारुतीच्या फाट्यावर बायकोनं खिडकीतून हात जोडले. काय मागितलं, ते मी विचारलं नाही.

उखळ तिगावच्या एका घरून टेम्पोनं आणलं होतं. मुसळाच्या खालच्या टोकाला लोखंडी कडं असतं, म्हणून ते उलटं धरून कांडायचं ठरलं. एकानं घाव घालायचा आणि दोन घावांच्या मधे दुसऱ्यानं ओल्या हातानं भात पालटायचा. मी मुसळ घेतलं. मुलगी उखळापाशी गुडघ्यांवर बसली.

"भाऊ, पोरीची बोटं सांभाळा," एका मुलाचे वडील म्हणाले. "तिकडे मोजून घेत असतीन!"

सगळे हसले. मी घाव मोजत होतो. प्रत्येक घावानंतर ती भात पालटायची, हात काढून "हो" म्हणायची आणि मग मी मुसळ सोडायचो. एकशे बारा घाव झाले. एकदाही चुकलं नाही. भाताचा दाणा दिसेनासा झाला, पांढरा लगदा मुसळाला ओढ देऊ लागला.

बायकोनं चिमूटभर चाखून पाहिलं. "मीठ नाही टाकलं का?"

"नाही टाकत, काकू," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

"मग खातेत कायले?"

बाईंनी सांगितलं, तिकडच्या म्हाताऱ्यांना हे फार आवडतं आणि हेच त्यांच्या घशात अडकतं. म्हणून वृद्धाश्रमात जाणाऱ्यानं ते भरवायला शिकलंच पाहिजे. मुलगी माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही आजोबा बना."

मी खुर्चीत बसलो. तिनं माझी पाठ सरळ केली, हनुवटी थोडी खाली घेतली, छातीवर रुमाल टाकला. आधी एक घोट पाणी दिलं. गोळ्याचे कात्रीनं सुपारीएवढे तुकडे केले आणि एक जिभेवर ठेवला. मग थांबली. माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे पाहत होती. कंठ हलला तेव्हाच दुसरा तुकडा उचलला. असे अकरा तुकडे. अकराही वेळा तिची नजर हलली नाही.

माझ्या वडिलांनाही ती असंच भरवते, हे मला माहीत नव्हतं. त्या वेळी मी ऑफिसात असतो. रविवारी घरी असतो, पण समोर पेपर असतो. तेही लिहिलं पाहिजे.

दुपारच्या बसनं आम्ही घरी परतलो. 

संध्याकाळी ती वडिलांचं ताट घेऊन निघाली तेव्हा मी ते तिच्या हातातून घेतलं. वरणात चुरलेली पोळी, वर तूप. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आज... सुट्टी हाय काय याले?" त्यांनी तिलाच विचारलं. झटक्यानंतर शब्द जड झालेत, पण कळतात.

"हो, आजोबा. पाहा ना, कसं करून राहिले ते."

पहिला घास मी घाईनं दिला. त्यांना ठसका लागला. तिनं त्यांची हनुवटी खाली केली आणि पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, तोंड नका पाहू. कंठ पाहा."

मी कंठ पाहिला. सुरकुत्यांखाली तो एक छोटं हाड वर चढावं तसा चढला आणि उतरला. मग पुढचा घास. ती सोळा मिनिटांत भरवते. मला अडतीस लागली.

"सकाळी किती वाजता देतेस?"

"साडेनऊला. तुम्ही तर नवाला निघता."

"आठला बसीन. संध्याकाळचं ऑफिसातून आल्यावर."

तिनं ताट बाजूला ठेवलं. मी खिशातून कागद काढला, मांडीवर सरळ केला आणि सही केली. बोटाला तूप होतं, सहीखाली डाग पडला. ऑफिसात असा कागद आला असता तर मी परत पाठवला असता. हा तसाच तिच्या हातात दिला.