मुद्देमालाचा शिंपी

कानडी मुलखातल्या कुवेंपुनगरात आमच्या कोपऱ्यावरचे मराठी शिंपी कधी स्वस्थ बसलेले मी पाहिले नाहीत. मशीन थांबलं तरी पाय पायडलवर हलत राहायचे आणि नखं मनगट खाजवत असायची. "नोडी, बघा अक्का, परवा देतो, अल्वा? हो ना?" असं स्वतःच विचारून स्वतःच मान डोलवायचे.

पोलिसांनी पकडलेल्या गांजाची पुडकी कापडात शिवून द्यायला त्यांना ठाण्यात बोलावत. तिथून परतले की डोळे लालबुंद आणि शिंकांवर शिंका. हा माणूस गांजा ओढतो, अशी कुजबुज सुरू झाली. मीही माझे ब्लाउज दुसरीकडे शिवायला टाकू लागले. एकदा विठ्ठलाच्या देवळात भजनाच्या वेळी त्यांच्या शेजारचे गृहस्थ सगळ्यांदेखत उठून लांब जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी शिंपी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन माझ्या दारात उभे. "इंग्लिश आहे. तुम्ही टीचर, वाचा."

त्यांना गांजाच्या झाडाचीच अ‍ॅलर्जी जडली होती. नुसता हात लागला, धूळ नाकात गेली, तरी अंगावर गांधी उठतात. पुन्हा त्या कामाला गेलात तर श्वास कोंडेल, असं लिहिलं होतं.

"हे देवळात वाचाल? आपल्या मराठीत?"

मी वाचलं. सगळे खाली मान घालून ऐकत होते. परतताना रस्त्यात ते एकदम थांबले.

"तुम्हालाही तसंच वाटत होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

"गोत्तु, अक्का. ठाऊक होतं. म्हणून तर तुम्हालाच वाचायला सांगितलं."